आमचं ‘येतो’, तुमचं ‘येतो’

सातारा, १९ ऑगस्ट २०२४

श्री. श्रीवत्स राव यांस,

मी पंकजा. गेल्या महिन्यात तिरुनागेश्वरम्‌चं दर्शन करून कुंभकोणम्‌ला परतताना बसमध्ये स्वतःच्याच चष्म्यावर बसले आणि तो घेऊन तुमच्या दुकानात आले, ती. बरोबर माझी भागीरथीमावशी होती. तुम्ही माझे डोळे तपासलेत, नवीन काचा बसवून दिल्यात, आणि हे सगळं इंग्रजीत. शेजारच्या दुकानदाराशी तमिळमध्ये. त्यामुळे आम्ही दोघी अगदी निर्धास्त होऊन तुमच्यासमोर मराठीत बोलत होतो.

काय काय बोललो ते आठवून मला अजून घाम फुटतो. मावशी म्हणाली, “माणूस हुशार दिसतो, पण हसण्याचं वावडं आहे वाटतं.” आणि मी म्हणाले... ते मी लिहीत नाही. तुम्ही पट्टी धरून माझ्या डोळ्यांतलं अंतर मोजत होता तेव्हा म्हणाले. तुम्ही फक्त “प्लीज लुक स्ट्रेट” म्हणालात.

मग आम्ही रिक्षात बसत होतो तेव्हा पडद्याआडून एका बाईंचा आवाज आला, “श्रीवत्सा, जेवाया ये रे! किती हाका मारूं?” आणि तुम्ही ओरडलात, “आलों, अम्मा!” रिक्षा सुटली. मावशी आणि मी वळणापर्यंत एकमेकींकडे नुसत्या बघत होतो.

चष्म्याच्या डबीवर तुमचा नंबर आहे. मी दोनदा फोन केला, मराठीत बोलले. दोन्ही वेळा कोणीतरी “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला. म्हणून डबीवरच्या पत्त्यावर हे पत्र. माझा एकच प्रश्न आहे: तुम्ही मराठी आहात, सगळं समजत होतं, तर गप्प का बसलात? मी भूगोलाची शिक्षिका आहे, पण हा देश मला कळला नाही.

पंकजा

कुंभकोणम्, २ सप्टेंबर २०२४

श्रीमती पंकजाबाई यांस, श्रीवत्साचा नमस्कार.

पत्र मिळाले. अम्मास वाचून दाखवले, अर्थात काही ओळी गाळून. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आले. घरात आम्ही मराठी बोलतो, बाहेर तमिळ. लिहिणे मज माझ्या अप्पांनी शिकवले, आणि त्यांना त्यांच्या अप्पांनी. म्हणून माझे लिहिणे तुम्हांस जुनाट वाटेल. राग मानू नये.

गप्प का बसलो, याचे उत्तर नीट देता येत नाही. गिऱ्हाइकाशी इंग्रजी बोलण्याची सवय आहे असे समजावे. फोन दुकानाचा आहे, कधी कधी बिघडतो.

भागीरथीमावशींस सांगावे की हसण्याचे वावडे नाही, पण पट्टी हातात असताना हसलो तर अंतर चुकते.

आणि मी पट्टी धरली असताना तुम्ही मावशींस जे विचारलेत, त्याचे उत्तर: नाही, बायको नाही. लग्नच झाले नाही. वय सत्तेचाळीस.

नवीन काचांनी डोके दुखत असेल तर कळवावे.

येतो.

श्रीवत्स

सातारा, १४ सप्टेंबर २०२४

श्रीवत्स यांस,

तुमचं पत्र वाचताना आईने विचारलं, एकटीच काय हसतेस? तेव्हा मी मावशीचं नाव पुढे केलं.

डोकं दुखत नाही. पण पत्राच्या शेवटी जो शब्द आहे त्याने गोंधळ उडाला आहे. “येतो”! पहिल्याच पत्रात? आधी बायको नाही म्हणून सांगायचं आणि खाली लगेच येतो? मला वाटलं होतं तुम्ही लाजरे आहात. मी तो कागद मावशीला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “अगं, त्याने सरळ लिहिलंय, तू वाकडं कशाला वाचतेस?”

तर मीही सरळ लिहिते. माझं लग्न झालं होतं, मोडलं. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरच्यांनी आणलेल्या प्रत्येक स्थळाला मी नाही म्हणत आले. इतकी सवय झाली की दादा आता विचारतही नाही. तुमच्या बाबतीत कोणी काही विचारण्याआधीच मी आईला सगळं सांगून बसले, हे माझं मलाच नवल वाटतं.

वीस ऑक्टोबरला रविवार आहे. दसरा झालेला असेल, दादा-वहिनी घरीच असतील. आई म्हणते दिवस चांगला आहे. यापेक्षा उघड लिहिणं मला जमणार नाही, समजून घ्या.

पंकजा

कुंभकोणम्, २९ सप्टेंबर २०२४

पंकजाबाईंस नमस्कार.

वीस तारखेस तुमच्या घरी सगळे एकत्र असतात हे वाचून बरे वाटले. तुम्ही स्वतःविषयी लिहिलेत तेही वाचले. तो कागद मी दुकानात ठेवला नाही, घरात ठेवला आहे.

येथे नवरात्राची तयारी आहे. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, ते काम अम्माचे. यंदा गुडघे दुखतात म्हणून वरच्या पायऱ्या मजकडे आल्या आहेत आणि मी राजाच्या जागी व्यापारी ठेवला म्हणून बोलणी खाल्ली. तुमच्याकडे आमटीत चिंच घालतात की आमसूल? अम्मास जाणून घ्यायचे आहे.

सातारा नकाशात पाहिले. चेन्नईहून पुणे, पुण्याहून पुढे. तुम्ही भूगोल शिकवता, तुम्हांस ठाऊकच असेल. पाहताना वाटले की फार दूर नाही, आणि मग वाटले की फार दूर आहे.

अम्मा आशीर्वाद सांगते.

येतो.

श्रीवत्स

सातारा, २२ ऑक्टोबर २०२४

श्रीवत्स राव,

मी रागावून लिहिते आहे, ते रागावूनच वाचा.

रविवारी सकाळपासून आमच्या घरात लग्नघर होतं. आईने चिंचेची आमटी केली होती, मुद्दाम, तुमच्या अम्मांनी विचारलं म्हणून. वहिनीने बाहेरची खोली आवरली. तुम्ही गाडी कळवली नव्हती, म्हणून मी पुण्याहून येणाऱ्या दुपारच्या गाडीला स्टेशनवर गेले आणि मग संध्याकाळच्या गाडीलाही गेले. दुकानाच्या नंबरवर फोन केला तर उचललाच नाही. दोन्ही गाड्यांतून उतरणाऱ्या प्रत्येक चष्मेवाल्याकडे मी बघत उभी होते. माझ्या शाळेतल्या एक बाई भेटल्या, कोणाला घ्यायला आलात म्हणाल्या. मी काय सांगायचं होतं?

दादा रात्री एकच वाक्य बोलला, “तिकडचा माणूस, काय सांगावं.” मला तुमची बाजू घ्यायची होती, पण बाजू कुठली तेच ठाऊक नाही.

यायचं नव्हतं तर नाही लिहायचं. दोन पत्रांत दोनदा “येतो” लिहिलंत. मी कोणावर तरी विश्वास ठेवायला बऱ्याच वर्षांनी तयार झाले होते, तो असा स्टेशनवर उभा राहिला. काय झालं एवढं कळवा, म्हणजे मी हा विषय संपवीन.

पंकजा

कुंभकोणम्, ४ नोव्हेंबर २०२४

पंकजाबाईंस,

तुमचे पत्र वाचून मी दुकान अर्ध्या दिवसात बंद केले. अम्मा विचारते काय झाले. काय झाले हे मजही पुरते कळत नव्हते. मग मी माझ्याच पत्रांत काय लिहिले असेल ते आठवत बसलो आणि कळले.

आमच्यात “जातो” म्हणत नाहीत. अशुभ मानतात. घरातून निघताना, फोन ठेवताना, पत्र संपवताना, “येतो” म्हणायचे. अप्पांची सगळी पत्रे “येतो” ने संपत. वीज-कार्यालयास मराठीत लिहायचे असते तर मी त्यांनाही “येतो” लिहिले असते. माझ्या हाताने ते लिहिले, मी नव्हे.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर अर्धेच खरे झाले असते. वीस तारखेचे निमंत्रण मज समजले होते. न समजल्यासारखे करून मी आमटीचे विचारले. फोन बिघडलेला नव्हता. “राँग नंबर” म्हणणारा मीच, आणि रविवारी तुमचा नंबर पाहून फोन न उचलणाराही मीच.

कारण सांगतो. एकोणीस वर्षांचा असताना अप्पांबरोबर सांगलीस एका लग्नास गेलो होतो. अप्पा म्हणाले, आपल्या भाषेच्या मुलखात चाललो आहोत. मी इतका आनंदात होतो की दिसेल त्याच्याशी बोलत होतो. मांडवाच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ उन्हात उभे होते, कोणी खुर्ची देईना. मी यजमानांस म्हणालो, “पावम्, तें आजोबा!” तमिळमध्ये पावम् म्हणजे बिचारे. आमच्या घरच्या मराठीत तो शब्द मिसळून गेला आहे, मज तो मराठीच वाटे. यजमान आत गेले आणि ताटलीत पाव घेऊन आले. सगळा मांडव हसला. दोन दिवस मी “पाववाले पाहुणे” होतो. परतीच्या गाडीत अप्पा गप्प होते.

तेव्हापासून उंबऱ्याबाहेर मराठी बोललो नाही. महाराष्ट्रातून यात्रेकरू येतात, त्यांचे बोलणे ऐकत राहतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. कोणी बंदी घातली नाही. मीच ठरवले की मज येत नाही. खरे तर माझी जीभ कोणत्या भाषेची हेच मज ठाऊक नाही. तमिळ बोलतो तेव्हा ते मज रायर म्हणतात, म्हणजे मराठे. मराठी बोलतो तेव्हा तुम्ही हसता.

तुम्हांस स्टेशनवर उभे केले याचे फार दुःख वाटते. तुम्ही विषय संपवलात तरी मज तुम्हांस दोष देता येणार नाही.

(येथे तो शब्द लिहीत नाही.)

श्रीवत्स

सातारा, १४ नोव्हेंबर २०२४

श्रीवत्स,

पत्र वाचलं. राग अर्धा गेला. उरलेला कुठे ठेवायचा ते ठरत नाही.

आम्हीसुद्धा दारात “येते” म्हणतो. पण कागदावर लिहिलं की आमच्याकडे ते वचन होतं. एकाच शब्दाने तुम्हाला निरोप दिला आणि मला स्टेशनवर पाठवलं. मावशीला सांगितलं तर ती हसतेय आणि रडतेय, काय ते कळेना.

पावाची गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही. मला त्या मांडवातल्या सगळ्यांचा राग आला, आणि खरं सांगू, मग हसूही आलं. म्हणून मी हसणार नाही असं वचन देत नाही. हसेन बहुतेक. पण तुमच्याबरोबर हसणं आणि तुम्हाला हसणं यात फरक कसा करायचा ते मला येतं, मुलांना शिकवते मी.

तुम्हाला मराठी येत नाही असं तुम्ही एवढ्या लांबलचक, सुंदर मराठीत लिहिलंय की मला तो कागद वर्गात फळ्यावर लावावासा वाटला. मीही तसंच करते म्हणा. एकदा लग्न मोडलं म्हणून मला माणूस ओळखता येत नाही, असं ठरवून बसले आहे. तेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

फोन करा. एकदाच. नंबर खाली लिहिते. नाही केलात तर पुन्हा विचारणार नाही, हेही खरं.

नाताळात शाळेला सुट्टी आहे. मावशीचं पुन्हा तिकडे दर्शनाला जायचं चाललंय.

येते.

पंकजा

सातारा, २५ नोव्हेंबर २०२४

श्रीवत्स,

काल तुम्ही फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले. झालं ते खरंच झालं का, म्हणून लिहून काढते. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणाले. तिकडे नुसता श्वास. मी ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मी... चष्म्याचें दुकान.”

मी म्हटलं, “बोला, चष्म्याचं दुकान.”

“तुम्हीं कागदांत शेवटीं ‘येते’ लिहिलेंत. तें आमचें की तुमचें?”

मला आधी समजलंच नाही. मग हसू फुटलं ते आवरेना. मी तर तुमच्या रीतीने शेवट केला होता, थोडी थट्टा म्हणून. आणि तुम्ही तो कागद घेऊन किती दिवस घरात फिरत होता कोण जाणे. पत्राने विचारलं असतं तर उत्तराला पंधरवडा लागला असता, आणि तेवढ्यात मी दारात उभी राहिले तर काय, या काळजीने फोन केलात. हो ना?

माझं हसणं थांबलं तेव्हा तुमच्याकडे शांतता होती. वाटलं, गेला, पुन्हा सांगली झाली. तेवढ्यात मागून अम्मांचा आवाज आला, “काय म्हणते? येते की नाहीं? तांदूळ भिजवूं का नको?” आणि तुम्ही हसलात. मी तुम्हाला हसताना पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर तुम्ही बरंच बोललात. निम्मं मला कळलं नाही. तुम्ही भरभर बोलता आणि शब्दांची शेपटं गिळता. मी तीनदा “काय?” म्हटलं, तुम्ही तीनदा पुन्हा सांगितलंत, न चिडता. त्यातलं हे मात्र नक्की ऐकलं:

“तुम्हीं येऊं नका. मीच येतो.”

मी विचारलं, “कुठलं येतो?”

तुम्ही म्हणालात, “तुमचें.”

आता मला भीती वाटते आहे. तुम्ही याल याची, आणि न याल याचीही. तरी पोंगल झाल्यावर निघा, गाडी कळवा. या वेळी स्टेशनवर दादाला पाठवीन. मला तिथे पुन्हा उभं राहवणार नाही.

पंकजा

सातारा, २७ जानेवारी २०२५

तीर्थरूप अम्मास, श्रीवत्साचा नमस्कार.

फोनवर तुला माझे ऐकू येत नाही आणि शेजारची मुलगी, जननी, तुला अर्धेच सांगते, म्हणून लिहितो. चष्मा सापडला नाही तरी वाचता यावे म्हणून मोठी अक्षरे काढली आहेत. चष्मा बहुधा देवघरात आहे.

पुण्यास उतरलो. ठरवले होते की पहिले वाक्य मराठीतच बोलायचे. चहावाल्यास म्हणालो, “मज एक चहा द्यावा.” त्याने मजकडे पाहिले आणि हिंदीत उत्तर दिले. एवढी वर्षे ज्याची भीती बाळगली तो मनुष्य मराठीच बोलत नव्हता. काय समजावे ते कळेना, चहा मात्र पातळ होता.

साताऱ्यास पंकजाबाईंचे दादा घ्यावयास आले. मजकडे फारसे न पाहता त्यांनी माझी जड पेटी उचलली. तू तीत लोणच्याची बरणी घातलीस ना? ते वाकून गेले. माझ्या तोंडून निघून गेले, “पावम्! द्या इकडे, मी घेतों.” घरी पोचताच त्यांनी आत वहिनींस सांगितले, “पाहुण्यांना पाव हवाय, आहे का बघ.”

अम्मा, माझे कान तापले. पंकजाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकले आणि हातातला पदर तोंडाशी धरून मजकडे पाहत राहिल्या. त्यांना हसायचे होते आणि त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, हे मज दिसले. तेव्हा मीच आधी हसलो. मग सगळ्यांस बसवून सांगलीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, आपल्या बोलीत. ते मध्ये मध्ये “म्हणजे?” विचारत होते, मी सांगत होतो. दादा सर्वांत जास्त हसले आणि मग म्हणाले, “एवढ्यासाठी तुम्ही बोलायचं सोडलंत?” वहिनींनी पाव आणला होता, तो आमटीशी खाल्ला. चिंचेची होती.

अप्पा त्या गाडीत लाजेने गप्प होते, असे मी आजवर समजत होतो. काल वाटले, ते कदाचित माझ्या बोलण्याची वाट पाहत असतील. आता कोणास विचारायचे.

पंकजाबाईंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मी लग्नाचे विचारले तेव्हा म्हणाल्या, आधी तुमचे घर पाहते, अम्मांस भेटते, दोन दिवस तुमचे बोलणे ऐकून कळते का बघते, मग सांगते. त्यांच्या आईंनी होकार दिला. दादा गाडीत बसवून देतो म्हणाले. मज आनंद झाला आहे आणि फार गोंधळलोही आहे, दोन्ही एकदम.

पुढच्या रविवारी दुपारपर्यंत पोचू.

येतो. या शब्दावरून मी एकटा की आम्ही दोघे ते तुला कळणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: तीन पाने मांड.

श्रीवत्स